शेवटच्या अक्षरावर जोर

नव्वदच्या दशकात एका वर्षी, गणपती विसर्जनानंतर दिवाळीपर्यंत, पेणमधल्या एका गणपतीच्या कारखान्यात दर रविवारी सकाळी फ्रेंच क्रियापदे शिकवली गेली. शिकवणाऱ्या लिमयेबाई तिथल्याच एका शाळेतून इंग्रजीच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. शिकणारे दोघे रोह्याच्या एका रसायन कंपनीत टेंपररी होते. तिसरा मी. पेण तालुक्याच्या बातम्या मुंबईला पाठवायचे काम तेव्हा माझ्याकडे होते. वर्गाची बातमी होईल म्हणून गेलो आणि बसून राहिलो. बातमी छापून आली नाही.

विसर्जन झाले की पेणमधले लहान कारखाने धुतले जातात. हे अजूनही होते. मूर्ती गेलेल्या असतात, फळ्या रिकाम्या असतात, आणि वर्षभर साठलेली पांढरी पूड बादल्यांनी पाणी मारून दारातून बाहेर काढली जाते. गल्लीतले गटार एखादा दिवस दुधासारखे वाहते. मग पत्र्याखाली काही आठवडे काहीच नसते. भिंतीला टेकलेले साचे, एखादा सुटा हात, रंगवायचा राहून गेलेला उंदीर, वॉर्निशचा वास. यंदा त्या गल्लीतून जाताना गटार पांढरे दिसले आणि कानात आधी क्रियापद आले, मग माणसे.

जागा कारखान्याच्या मालकाने दिली. तो बाईंचा जुना विद्यार्थी. त्याच्या अटी अशा होत्या की साच्यांना हात लावायचा नाही आणि दिवाळीनंतर काम सुरू झाले की उठायचे. फळा नव्हता. मूर्ती वाळवायच्या एका रुंद फळीला काळा रंग देऊन ती भिंतीला उभी केली. बसायलाही तसल्याच फळ्या. त्या कितीही पुसल्या तरी उठताना कपड्यांना मागून पांढरे लागायचे. बाई त्यामुळे वर्गभर उभ्या असायच्या. सुधीर कडू उठून पँट झटकायचा आणि म्हणायचा, "बाई, आता आम्हाला रंगवायचंच बाकी राहिलं."

सुधीर पेणचा, प्लांटवर ऑपरेटर. दुसरी हेमलता म्हात्रे, गडबची. घरची भातशेती, वडील आधी खाडीकडच्या मिठागरावर जायचे. ती रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली आणि कंपनीच्या लॅबमध्ये लागली. टेंपररी माणसाला मधून मधून ब्रेक मिळतो. म्हणजे काही दिवस घरी बसवतात आणि पुन्हा नव्याने घेतात, त्यामुळे नोकरी सलग धरली जात नाही. हेमलताला इतके ब्रेक मिळाले होते की ती ते सणांसारखे सांगायची. "तो व्हय, होळीचा ब्रेक. मग श्रावणातला."

त्या वर्षी कंपनीचा फ्रान्समधल्या एका कंपनीशी करार झाला. नव्या प्लांटचे काम शिकायला एका माणसाला सहा महिने तिकडे पाठवायचे होते. तिकडच्या गावातल्या कामगारांना इंग्रजी येत नव्हते, म्हणून जाणाऱ्याला फ्रेंच बोलता यायला हवे होते. दिवाळीच्या आधी तिकडचा इंजिनिअर रोह्याला येणार, उमेदवारांशी फ्रेंचमध्ये बोलणार आणि एक नाव देणार, असे ठरले. जाईल तो पर्मनंट. नावे बरीच आली होती. पहिल्या पंधरवड्यात बाकीच्यांनी नाद सोडला आणि ही दोघे उरली. जागा एक होती. दोघांना ते माहीत होते आणि दोघे एकाच फळीवर बसायचे.

लिमयेबाई फ्रान्सला कधी गेल्या नव्हत्या. कॉलेजात असताना मुंबईत एका पारशी बाईंकडे त्या फ्रेंच शिकल्या, मग लग्न होऊन पेणला आल्या. पेणला फ्रेंच बोलायला कोणी नव्हते. पोह्याचे पापड लाटताना आपण क्रियापदे म्हणत असू, असे त्यांनी एकदा सांगितले. पापडाला आणि क्रियापदाला सारखाच वेळ लागतो, हेही सांगितले. त्या हसल्या नाहीत, त्यामुळे ते खरे असावे.

फळीवर त्या फ्रेंच अक्षरे लिहीत नसत. "ते स्पेलिंग बघितलंत की सगळं वाचायला जाल. तिथे लिहिलेल्यातलं निम्मं बोलायचं नसतं." सगळे देवनागरीत. क्रियापद लिहायचे, ते उभ्या रेघांनी कापायचे, आणि शेवटच्या तुकड्यावर खडूचे एक टिंब ठेवायचे. टिंब म्हणजे जोर. पहिले क्रियापद होते काम करण्याचे. झ त्रा-वाय, मी काम करते. तू त्रा-वाय. इल त्रा-वाय, तो काम करतो. नू त्रा-वा-यों, आम्ही काम करतो. वू त्रा-वा-ये, तुम्ही काम करता. आणि शेवटी पुन्हा इल त्रा-वाय, ते काम करतात. दोन तुकडे, मग तीन, मग परत दोन.

"तो आणि ते, दोघांना सारखंच?" सुधीरने विचारले.

"कानाला सारखंच."

"मग एकटा काम करतोय का सगळे करतायत, कळायचं कसं?"

"मस्टर बघून," हेमलता म्हणाली.

तुकडे पाडणे सोपे गेले. मराठी लिहिणाऱ्याला अक्षर आयते मिळते. फ्रेंचमध्ये ते शोधावे लागते, आणि बाईंनी ते शोधून आमच्या लिपीत मांडले होते. व्यंजन मागच्या तुकड्याला चिकटवून ठेवायचे नाही, पुढच्याला देऊन टाकायचे, एवढा एक नियम. तुमच्याकडे आहे याला ते वू-जा-वे म्हणतात, ज 'जमीन'मधला. तो ज असतो 'वू'चा, पण बोलताना 'आ'च्या घरी जाऊन बसतो. बाई रेघ 'वू' आणि 'जा'च्या मधोमध मारायच्या आणि खडू तिथेच टेकवून थांबायच्या, आम्ही सगळे तिथून पलीकडे जाईपर्यंत.

जोराचे अवघड होते. आपण बोलताना शब्दाच्या सुरुवातीलाच पाय रोवतो. फ्रेंचमध्ये सगळे तुकडे सारख्या पावलांनी चालतात आणि शेवटचा तेवढा जरा जास्त थांबतो. "ओरडायचं नाही," बाई म्हणायच्या. "नुसतं थांबायचं. गाडी स्टॉपला थांबते तशी." आणि तो जोर क्रियापदाच्या मालकीचा नसतो, ओळीचा असतो. क्रियापद एकटे असेल तर त्याला मिळतो. पुढे काही आले की त्याने तो सोडायचा. फळीवर 'नू त्रा-वा-यों' लिहून बाईंनी 'यों'वर टिंब दिले. मग पुढे 'आ रो-आ' असे लिहिले, म्हणजे रोह्याला, ओल्या फडक्याने 'यों'वरचे टिंब पुसले आणि ते अगदी शेवटच्या 'आ'वर ठेवले.

"रोह्याचा ह कुठं गेला?"

"फ्रेंच लोक ह बोलत नाहीत."

"चला," सुधीर म्हणाला. "यायच्या आधीच अर्धं रोहा खाल्लं."

बातमीच्या धंद्यात उलटे असते. जे सांगायचे ते पहिल्या वाक्यात, आणि शेवट असा लिहायचा की जागा कमी पडली तर डेस्कवरच्या माणसाला तो कापता यावा. कित्येक वर्षे माझे शेवटचे परिच्छेद कोणी वाचले नाहीत. त्या फळीवर बसून ओळीचे वजन शेवटपर्यंत सांभाळून न्यायचे मला जमले नाही. बाईंनी तसे सांगितलेही. "तुमचा जोर दारातच सांडतो."

वर्गाच्या दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी, नक्की आठवत नाही, क्रियापदांना चाल लागली. कोणी लावली असे नाही. आम्ही तिघेही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेलो. संध्याकाळी परवचा म्हणत मोठे झालेलो. सहा ओळी एकाखाली एक दिसल्या की तोंडात आपोआप पाढा येतो. झ त्रावाय, तू त्रावाय, इल त्रावाय. बे एके बे सारखे. डोकी एकदम हलायची. पत्र्याखाली आवाज घुमायचा आणि बाहेरून जाणारे दारात थांबून बघायचे. बाईंनी ते चालू दिले, कारण पाठांतर भराभर होत होते. दोन-तीन आठवड्यांत दोघांना डझनावारी क्रियापदे सहाच्या सहा रूपांत येत होती.

मग गडबला भात पिवळे पडले. हायवेवरून वडखळ सोडले की दोन्ही बाजूंना तो रंग दिसायचा. आताही मधल्या मोकळ्या पट्ट्यांतून दिसतो, पुलाखालून आणि गोडाऊनच्या मागून. त्या सुमारास बाईंनी तोंडी परीक्षा घ्यायची ठरवली. प्रश्न मी विचारायचे. "तुम्हाला लोकांना प्रश्न विचारायची सवय आहे," त्या म्हणाल्या. प्रश्न त्यांनीच मला पाठ करून दिला. वू त्रा-वा-ये ऊ? तुम्ही कुठे काम करता? 'ऊ' म्हणजे कुठे.

मी विचारले. हेमलताने क्षणाचाही वेळ न घेता, ठणठणीत आवाजात उत्तर दिले, "इल त्रावाय."

तुम्ही कुठे काम करता? ते काम करतात.

सुधीर हसला. मग त्याला विचारले. त्याने तोंड उघडले, मिटले, आणि तोही म्हणाला, "इल त्रावाय."

'वू'ची ओळ ऐकली की पाढ्यात पुढची ओळ 'इल'ची येते. त्यांनी पुढची ओळ म्हटली होती. 'नू' हवे असेल तर त्यांचे ओठ 'झ'पासून हलायला लागायचे आणि चौथ्या ओळीला 'नू' सापडायचे. आणि जोर. पाढ्याच्या चालीत तो पहिल्याच शब्दावर आपटत होता. शेवट खाली पडून मरत होता. एवढे आठवडे फळीवर दिलेली टिंबे फळीवरच राहिली होती.

बाई तेव्हा पहिल्यांदा फळीवर बसल्या. पांढरे लागेल याचा विचार केलेला दिसला नाही. "वू म्हणजे तुम्ही," त्या म्हणाल्या. "एकाला मानाने, नाही तर अनेकांना. आपल्यासारखंच आहे, त्यात काही नाही. उत्तर 'मी'ने द्या. 'आम्ही'ने द्या. पाढ्याने देऊ नका. तो साहेब पाढा ऐकायला येत नाहीये."

"मग करायचं काय?" हेमलताने विचारले.

"मोडायचा. कोणीतरी मधूनच विचारायचं आणि दुसऱ्याने तिथूनच बोलायचं. रोज. आठवड्यातून एकदा माझ्याकडे येऊन ते होणार नाही. तुम्ही दोघं एका बसने जाता ना?"

सुधीर उठून पँट झटकायला लागला. मग हेमलता म्हणाली, "बाई, जागा एकच हाय."

"ठाऊक आहे मला," बाई म्हणाल्या. "पण पेण-रोह्याला रोज फ्रेंच बोलायला तिसरं माणूस असेल तर मला दाखव."

कंपनीची बस सकाळच्या शिफ्टसाठी पेणहून सुटायची. वडखळ, गडब, नागोठणे, मग रोहा. मला रोह्याला काही काम असले की ड्रायव्हर बाळारामदादा मलाही घ्यायचा. म्हणून यातले काही मी पाहिले आहे. सुधीर पेणला बसायचा आणि शेजारची जागा डबा ठेवून अडवायचा. गडबच्या स्टॉपला हेमलता चढायची. पहिले काही दिवस ती दोघे कुजबुजत बोलत. वू त्रावाये ऊ? झ त्रावाय... तुटक, मध्ये लांब शांतता. लोकांना वाटले भांडण आहे. मग कोणीतरी विचारले आणि सगळ्या बसला कळले.

त्यानंतर कुजबुज राहिली नाही. गडबला बस थांबायच्या आधी बाळारामदादा खिडकीतून मान काढून ओरडायचा, "वू!" आणि हेमलताने पायरीवर पाय ठेवायच्या आत 'झ'ने किंवा 'नू'ने उत्तर द्यायचे. चुकली तर पूर्ण बस एकदम "इल त्रावाय" म्हणायची. तिचे नाव वूबाय पडले. ए वूबाय, खिडकी लाव. वूबाय, डब्यात काय हाय? पॅकिंगमधले एक काका होते, ते सुधीरला रोज बोलायचे.

"कडू, तू तिला तयार करतोस. ती जाईल विमानात, तू बसशील घरी ब्रेक घेऊन."

"मग भिंतीला विचारू? भिंत उत्तर देत नाय."

"बायकोला विचार."

"बायको वू म्हणत नाय, काका. सरळ तू म्हणते."

बस हसली. हेमलता हसली नाही. ती खिडकीकडे बघत म्हणाली, "तुझी पाळी. वू फिनिसे?" तुम्ही संपवता? सुधीरने उत्तर द्यायला वेळ लावला आणि तिने तो लावू दिला. तिने उत्तर सांगितले नाही, त्याने मागितले नाही. ही पद्धत त्यांनी आपसात कधी ठरवली ते मला माहीत नाही.

कापणीच्या एका रविवारी ती वर्गाला आली नाही. सुधीर आणि मी दुपारी गडबला गेलो. ती आईबरोबर शेतात वाकली होती. अर्धे शेत कापून झाले होते, पेंढ्या मागे पसरल्या होत्या. सुधीर बांधावर उभा राहिला आणि तिथूनच ओरडला, "वू त्रावाये ऊ?"

ती न थांबता, वर न बघता म्हणाली, "झ त्रावाय." आणि विळा चालवला.

"काय वरडतंय गो तो?" आईने विचारले.

"इचारतंय, काम करतेस का म्हणून."

"दिसत नाय काय त्याला? इला दे त्याच्या हातात."

विळा खरोखर दिला गेला. सुधीरने दोन ओळी कापल्या, त्यातली एक वाकडी. आई कमरेवर हात ठेवून बघत राहिली. मग मला म्हणाली, "ही गेली तं पुढच्या वरसाला कापनी कोन करील?" तिला उत्तर नकोच होते. "जाव दे," ती म्हणाली. "भात काय, दर वरसाला येतंय."

पाढा मोडला. कधी, ते सांगता येत नाही, पण एका रविवारी बाईंनी मधूनच 'नू' टाकले आणि हेमलताचे ओठ आधी हलले नाहीत. तुकडे सरळ पडले, जोर शेवटी गेला. इतका गेला की बाईंना दुसरी काळजी लागली. हेमलताची मावशी धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात भटजीऐवजी गाणी म्हणून लग्न लावते ती. हेमलता लहानपणी मांडवात तिच्या शेजारी बसून ओळी झेलायची. त्या गाण्यात ओळीचे शेवटचे अक्षर लांबत लांबत जाते आणि दुसरी बाई ते तिथून उचलते. पाढा गेल्यावर हेमलताच्या तोंडात खालचे तेच वर आले. त्रा-वा-यों, आणि 'यों' पत्र्यापर्यंत.

"ताणू नकोस," बाई म्हणाल्या. "ठेव नुसता. इथे लग्न लागत नाहीये."

तेवढे कमी करायला पुढचे दोन रविवार गेले. त्या दिवसांत मी फळीवर बसून ऐकत असे आणि मला ते ताणलेलेच बरे वाटत असे. बाईंचे म्हणणे बरोबर होते, हेही कळत होते. अक्षर किती वेळ धरायचे हे ज्याच्या त्याच्या गावाने ठरवलेले असते. परक्या गावात जाताना ते थोडे सोडावे लागते. सगळे नाही.

इंजिनिअर ठरल्याप्रमाणे दिवाळीच्या आधी आला. मुलाखती मॅनेजरच्या केबिनमध्ये झाल्या. तिथे मी नव्हतो. पुढचे दोघांनी मला वेगवेगळ्या वेळी सांगितले आणि दोघांच्या सांगण्यात फरक नाही.

सुधीर आधी गेला. इंजिनिअर उंच, घामाघूम, आणि रोह्याला 'रोआ' म्हणणारा. नाव, गाव झाले. मग त्याने विचारले, वू त्रावाये ऊ, प्लांटमध्ये कुठे. सुधीर म्हणाला, "इल त्रावाय." चुकले हे त्याला तत्क्षणी कळले. दुरुस्त करायला तो मागे गेला, आणि मागे म्हणजे पार पहिल्या ओळीला. झ त्रावाय, तू त्रावाय, इल त्रावाय. थांबता येईना. तो सहाही ओळी म्हणाला, मोठ्याने, चालीत, मान हलवत. इंजिनिअरने शेवटपर्यंत ऐकून घेतले, हसला आणि टाळी वाजवली. त्यानंतरचे सगळे बोलणे इंग्रजीत झाले. हे सुधीरनेच बसमध्ये सांगितले, नकला करून. लोक डोळे पुसेपर्यंत हसले. पॅकिंगचे काका हसले नाहीत.

हेमलताला तोच प्रश्न आला. ती थांबली. किती वेळ, ते तिला सांगता आले नाही. मॅनेजरने पेन उचलले आणि खाली ठेवले, एवढे तिने पाहिले. मग म्हणाली, झ त्रावाय, आणि पुढे लॅबचे नाव घेतले. त्याने घरचे विचारले. तिने भाताचे सांगितले. कापणीला शब्द येत नव्हता म्हणून तिने हाताने विळा चालवून दाखवला. तो म्हणाला की त्याचे आजोबाही कापायचे, गहू. केबिनचे दार उघडायला बराच वेळ लागला, असे शिपायाने सुधीरला सांगितले.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटताना नाव सांगितले गेले. हेमलता म्हात्रे. सुधीरला त्याच महिनाअखेर ब्रेक होता.

पुढचे थोडक्यात. ती गेली, सहा महिन्यांनी आली, नव्या प्लांटची लॅब तिच्याकडे दिली गेली. आता ती रोह्यातच राहते. ब्रेकनंतर सुधीरला त्या कंपनीने परत घेतले नाही. काही महिन्यांनी तो नागोठण्याकडच्या दुसऱ्या कंपनीत लागला आणि बऱ्याच वर्षांनी तिथे पर्मनंट झाला. दोघांशी मी अलीकडे बोललो. सुधीरला सहा ओळी अजून येतात, चालीसकट. हेमलताने सांगितले की तिकडचे लोक बाईंनी ठेवलेले तुकडेसुद्धा खातात, 'झ' तर ऐकूच येत नाही. तिने तिथल्या कॅन्टीनमधल्या गप्पा कॅसेटवर भरून आणल्या होत्या आणि येताच बाईंना नेऊन दिल्या. बाईंनी कॅसेट दोन्ही बाजूंनी ऐकली. काम करणारी माणसे त्या भाषेत बोलताना त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "जोर शेवटीच आहे." लिमयेबाई आता नाहीत. काळी फळी दिवाळीनंतर मालकाने रंधा मारून परत वाळवणीला घेतली.

नाव सांगितले गेले त्याच्या दुसऱ्या सकाळी मला रोह्याला जायचे होते. बस पेणहून सुटली. सुधीर नेहमीच्या जागी होता, डबा मांडीवर. शेजारची जागा मोकळी होती. गडब यायच्या आधी बाळारामदादाने मान बाहेर काढली नाही. हेमलता चढली, मागे बघितले, आणि सुधीरच्या पुढच्या बाकावर बसली.

दोन्ही बाजूंची शेते कापून झाली होती. खळ्यांवर भाऱ्यांच्या उडव्या रचलेल्या होत्या. खिडक्या उघड्या होत्या आणि आत पेंढ्याचा वास येत होता.

नागोठणे मागे पडल्यावर सुधीरने पुढच्या बाकाला हात टेकला. "वू त्रावाये ऊ?" तो म्हणाला.

तिने वळून पाहिले नाही.

"नू त्रा-वा-यों आ रो-आ."

आम्ही काम करतो, रोह्याला. 'यों'वर ती थांबली नाही. जोर शेवटच्या 'आ'वर होता.